हाडांच्या इंजेक्शननंतरचा ताप आधी का सांगत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला वयस्कर बायकांच्या ठिसूळ हाडांवरचा लेख वाचला. वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या इंजेक्शनाचा त्यात उल्लेख आहे, पण त्यानंतर येणाऱ्या तापाबद्दल अवाक्षर नाही. घरचे घाबरतात ते नेमके त्याच तापाला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंना हे इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अशी हुडहुडी भरली की चहाचा कप हातात धरवेना. मनगटं, गुडघे, पाठ, सगळं ठणकत होतं. पावसाळ्यातलं ठाणं आणि त्यात ताप म्हटल्यावर जवळच्या दवाखान्याने डेंग्यूची एनएस-वन, मलेरियाची स्लाइड, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, असं सगळं लिहून दिलं, आणि रिपोर्ट यायच्या आत अँटिबायोटिकही सुरू केलं. रिपोर्ट निगेटिव्ह. काल कुठलं इंजेक्शन घेतलंय का, हे कुणी विचारलं नाही. जिथे ते दिलं, तिथेही असं होऊ शकतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. माझी उमर पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, म्हणून धागा लागला एवढंच.

हा ताप आणतात आपल्याच रक्तातल्या गॅमा-डेल्टा टी पेशी. टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. नेहमीच्या टी पेशींना नवा जंतू ओळखून, वाढून कामाला लागायला काही दिवस जातात. गॅमा-डेल्टा पेशी मात्र काही तासांतच उठतात. जीवाणू आणि मलेरियाचे परजीवी त्यांच्या रोजच्या जगण्यात एक छोटा फॉस्फेटयुक्त रेणू बनवतात, त्याची चाहूल या पेशींना लागते. तसाच, पण कमी ताकदीचा एक रेणू आपल्या पेशीही कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवर तयार करतात. झोलेड्रोनिक ॲसिड त्या वाटेवरचं पुढचं एन्झाइम बंद पाडतं. हाडं झिजवणाऱ्या पेशी त्यामुळे मंदावतात, आणि तेच तर आपल्याला हवं असतं. पण मागे तो रेणू साचत जातो. गॅमा-डेल्टा पेशींना वाटतं संसर्गच झाला. त्या इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ अशी रसायनं सोडतात आणि अंगात कणकण सुरू होते. जंतू एकही नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकने काय होणार?

सीबीसीत हे दिसत नाही. तिथे सगळे लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) एकाच आकड्यात मोजले जातात, आणि या पेशी रक्तातल्या टी पेशींच्या साधारण १ ते ५ टक्के. वेगळ्या मोजायच्या तर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचे प्रकार वेगळे ओळखून मोजणारी तपासणी हवी, आणि या तापासाठी तो खर्च करण्याची काहीच गरज नाही.

आता आकडे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या डोसनंतर ३१.६ टक्के बायकांना ताप, अंगदुखी, डोकेदुखी असा त्रास झाला. दुसऱ्या वर्षी ६.६ टक्के, तिसऱ्या वर्षी २.८. तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी पहिल्या तापाची धास्ती घेऊन पुढचं इंजेक्शन घेतलंच नाही. त्रास पुढे इतका कमी होतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

या पेशींवर काम आपल्या शेजारीच झालं आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या संदर्भात गॅमा-डेल्टा पेशींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. झोलेड्रोनिक ॲसिडमुळे कर्करोगाच्या पेशीतही तोच रेणू साचतो आणि गॅमा-डेल्टा पेशी तिच्यावर तुटून पडतात, म्हणून संशोधकांना या औषधात रस. पण त्याच प्रयोगशाळेला पित्ताशयाच्या कर्करोगात उलटा प्रकारही दिसला: आयएल-१७ नावाचं रसायन सोडणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. पावसाळा आला की ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना (आपल्याच पानांवर त्यांच्या जाहिराती असतात, राग मानू नये) कुठली पेशी वाढवणार, हे एकदा विचारायला हवं.

माझी मागणी साधी आहे. हे इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पेशंटच्या हातात मराठीत चार ओळी द्याव्यात: तीन दिवसांत ताप-अंगदुखी येऊ शकते, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर हे इंजेक्शन घेतल्याचं आधी सांगा, तीन दिवसांनीही ताप राहिला, धाप लागली किंवा पुरळ उठलं तर थांबू नका, डेंग्यू-मलेरियाही तपासा. मूत्रपिंडाची आणि कॅल्शियमची तपासणी इंजेक्शनाआधी होतेच, तेव्हाच हा कागद देता येईल. आपल्या पुरवणीनेही पुढच्या अंकात एवढी चौकट छापावी, आणि जमल्यास खारघरच्या संशोधकांकडून या पेशींवर मराठीत एक लेख लिहून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
नौपाडा, ठाणे (प.)