विसाराची पावती आणि गच्चीवरची रांगोळी

सोलापूर,
दि. 2 फेब्रुवारी 2025

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेला ये, असे तुला डिसेंबरातच लिहिणार होतो. यात्रा झाली, पाळणे उतरले, होम मैदान मोकळे झाले आणि माझे पत्र मनातच राहिले. फोन करता आला असता, परंतु आमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलण्याची प्रथा पडली आहे, आणि जे सांगायचे आहे ते तुझ्या वहिनीच्या कानांवर इतक्यात पडून चालणार नाही. माझी प्रकृती बरी आहे, साखर आटोक्यात आहे.

गेल्या महिन्यात मी पुण्यास येऊन गेलो आणि तुझ्याकडे आलो नाही. एका जुन्या मोटारहोमसाठी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, 25,000 रुपये विसार देऊन, पावती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घडी घालून ठेवून, संध्याकाळच्या गाडीने चोरासारखा परतलो. तुझ्याकडे आलो असतो तर तू मला तो विसार देऊ दिला नसतास, हे ठाऊक असल्यामुळेच आलो नाही. आता हे समजेल असा माणूस तूच, कारण 1986 साली हंपीला निघालेल्या त्या मॅटॅडोरमध्ये, विजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आपण चौघांनी जी रात्र काढली, तिच्यानंतर मला कोणत्याच लॉजमध्ये तशी झोप लागलेली नाही. (रेडिएटरचे पाणी पाहण्याचे काम तुझे होते. मन्याला विचार.)

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना आधी भेटावे आणि मग पैसे द्यावेत, हा शहाणपणाचा क्रम मी उलटा केला. विसार दिल्यावर भीती वाटू लागली आणि मग मी माणसे शोधत हिंडलो.

पहिले गृहस्थ सांगलीचे. त्यांनी मारुतीच्या ईको व्हॅनमध्ये मागची आसने काढून प्लायवूडच्या तीन फळ्यांचा, बिजागऱ्यांनी दुमडणारा पलंग केला आहे आणि त्याखाली भाजीचे क्रेट सरकवले आहेत. गाडी कोणत्याही गल्लीत जाते, बोळातही वळते आणि दारात उभी केली तर शेजारी तक्रार करत नाहीत, याचे त्यांना फार सुख आहे. परंतु आत उभे राहता येत नाही. पँट निजूनच चढवावी लागते. रात्री क्रेट पुढच्या आसनांवर, सकाळी पुन्हा खाली, असा संसार दिवसातून दोनदा हलवावा लागतो आणि पावसात तर ओल्या चपलांनाही घरातच घ्यावे लागते. सीएनजीची टाकी मागे येते आणि पलंगाची जागा खाते, म्हणून पेट्रोलवरचीच घ्या, हे त्यांनी मला दोनदा बजावले.

दुसरे जोडपे अक्कलकोटला दर्शनासाठी आले होते आणि परतताना विजापूर रस्त्यावर आमच्या ओळखीच्यांच्या आवारात दोन दिवस थांबले. त्यांची गाडी मी विसार दिलेल्या गाडीएवढीच, म्हणजे 23 फुटी. मी मोठ्या आशेने न्हाणीघराचे दार उघडले, तर आत कांद्यांची पिशवी, दोन घडीच्या खुर्च्या आणि एक छत्री. चार वर्षांत तिथे कोणी आंघोळ केलेली नाही, कारण दोघांच्या आंघोळीला 40 लिटर पाणी लागते, ते तितक्याच किलोचे ओझे होऊन दिवसभर गाडीबरोबर फिरते आणि सांडपाणी सोडायचे कुठे हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. छतावरच्या एअरकंडिशनरचेही तेच झाले. हिशेब त्यांनी माझ्यासमोर वहीच्या पानावर मांडला: 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे 2,400 वॅट-तास, यंत्र 1,000 वॅट खात असेल तर लिथियमची बॅटरी असली तरी दोन-सव्वादोन तासांत सारे संपते. साधी शिशाची बॅटरी असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे जेमतेम एक तास. आपल्याकडच्या मे महिन्यात, जिथे मध्यरात्रीपर्यंत भिंती तापलेल्या असतात, तिथे एक तासाच्या गारव्याचे काय करायचे? ते रात्री कोणाच्या तरी घरची वायर जोडतात, नाहीतर छतावरचा पंखा लावून खिडक्यांना जाळी बसवतात.

लातूरचे निवृत्त अभियंते सर्वांत उपयोगी पडले, कारण त्यांना स्वतःची चूक सांगायला लाज वाटत नाही. त्यांनी आत सुंदर ओटा करून घेतला आणि पहिल्याच दिवशी लसणाची फोडणी दिली. तो वास गादीला आणि पडद्यांना लागला, तो तीन मुक्काम गेला नाही. आता शेगडी मागचे दार उघडून बाहेरच मांडतात. त्यांचा दुसरा धडा वजनकाट्याचा: गाडी पूर्ण भरून, पाण्याची टाकी भरून, सर्वांना आत बसवून काट्यावर घ्या आणि नोंदणीपत्रावरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. त्यांची 180 किलोने जास्त भरली आणि घाटात ब्रेकचा वास का येतो ते तेव्हा समजले. कागदांबद्दलही त्यांनी घाबरवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले, आणि नोंदणीत कॅम्पर व्हॅन असे लिहिलेले नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवू शकते. मी पावती पाहिली; तिच्यावर केवळ "गाडी एक" असे लिहिले आहे.

मग एका रविवारी मी गच्चीवर रांगोळीने गाड्या काढल्या. तुझ्या वहिनीला सांगितले की, खोलीचे माप घेतो आहे. ईकोचे बाहेरचे माप 12 फूट लांब आणि पाच फुटांहून थोडे कमी रुंद. शेजारी 23 फुटी. चहा घेऊन ती आली, ईकोच्या रेघेत दोन चटया पाहिल्या आणि म्हणाली, "रात्री उठायचे झाले तर कोणी कोणाच्या अंगावरून जायचे?" तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन तुला ठाऊकच आहे, मला उत्तर सुचले नाही. मग ती मोठ्या चौकोनातून कठड्यापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "आणि ही पंढरपुरात कोण घालणार, तुम्ही? अंधारात तुम्हाला आपली स्कूटर काढता येत नाही." म्हणजे तिला खोलीचे माप मुळीच पटलेले नव्हते.

तिने बोटाने रांगोळी पुसून मोठा चौकोन 18 फुटांवर आणला. टाटाच्या विंगर व्हॅनसारख्या उंच छताच्या गाडीचे तेच माप. आत ताठ उभे राहता आले पाहिजे, पलंग कायमचा, रात्रीपुरते कॅसेटचे (खालचा डबा काढून रिकामा करायचे) शौचालय, आणि बाकी काही नको. ओटा नको, न्हाणी नको, एअरकंडिशनर नको. ते शौचालय सकाळी रिकामे कोणी करायचे, तेही तिने तिथेच ठरवून टाकले. 18 फुटी गाडी आम्हा दोघांना पुरून उरेल असे मलाही आता वाटते. पण विसार 23 फुटीचा दिला आहे.

म्हणून काम असे आहे. त्या विक्रेत्याच्या आवारात मागच्या भिंतीशी एक आखूड, पांढरी गाडी उभी आहे. माझा विसार तिच्याकडे वळवतो का, हे तू जाऊन विचार. घासाघीस तुला जमते, मी समोर बसल्यावर दोन्ही बाजूंनी मीच बोलतो. नोंदणीपत्र वाच, खाली वाकून गंज पाहा, आत ताठ उभा राहून डोके लागते का पाहा, आणि पलंगावर निजून पाय पसर. तू माझ्याहून दोन इंच उंच आहेस, तुला पुरला तर मला पुरेल. गाडीत बसून हंपीची आठवण काढू नकोस, नाहीतर किंमत वाढेल.

नातीचे दहावीचे वर्ष आहे, तिला आशीर्वाद. घराचे रंगकाम संपले का? शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुढच्या आठवड्यात पाठवतो.

तुझा,
रमाकांत

ता. क. मोजायला टेप विकत घेऊ नकोस. माझी लोखंडी टेप 1986 पासून तुझ्याकडेच आहे.