तुझ्या अडतीस धावा

प्रिय पक्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या भेटीत घाल. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर आहे तिथेच आहे. आता मुद्द्याचं.

ती पुस्तिका आठवते? १९९९ चा उन्हाळा, 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्डकप जाओ'. बिस्किटांच्या पुड्यांवरच्या धावा कापून शंभर भरल्या की पुस्तिका, आणि पुस्तिकेत खरवडायचं कूपन. आपल्या शंभरात माझ्या बासष्ट, तुझ्या अडतीस. (त्यातल्या सहा तू मन्याच्या कंपासपेटीतून ढापलेल्या, यावर मी आजही ठाम आहे.) पहिल्या पावसात दप्तर भिजलं आणि पुस्तिकेचा लगदा झाला, असं मी तुला सांगितलं होतं.

लगदा झाला नव्हता रे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ती माझ्याकडे आहे. कोरी.

म्हणजे परवापर्यंत होती.

झालं असं, की मी एक जुनं सिगारेट कार्ड घेतलं. विल्सचा १८९६ चा पन्नास क्रिकेटपटूंचा संच, त्यातला रणजी. सिगारेटचं मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालत, त्याच पुठ्ठ्यावर पुढे चित्रं आली, हे मी तुला दहादा ऐकवलंय. तर तो रणजी मी अतिनील टॉर्चखाली धरला आणि पठ्ठ्या नव्या शर्टासारखा निळा चमकला! कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची. १८९६ चा पुठ्ठा असा चमकतच नाही. म्हणजे पुनर्मुद्रण. हस, मनसोक्त हस. 'बिग फन' बबलगममधल्या चित्रांवर मी तुला नेहमी गंडवायचो, त्याची फेड समज.

त्या वैतागात माझ्या संग्रहाची पेटी उघडीच टाकून मी अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर चिऊ जमिनीवर बसलेली, हातात रुपया, आणि मांडीवर आपली पुस्तिका. "मामा, यात काय आहे?"

तिला ओरडलो नाही. ओरडायला तोंड कुठे होतं? ज्याच्यावर ओरडायला हवं तो टॉवेल गुंडाळून उभा होता.

सचिन वडिलांचे अंत्यसंस्कार करून परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या, त्या दिवशी तू म्हणालास, आजच खरवडू. मी म्हटलं, फायनलला. मग आपण सुपर सिक्समध्येच आटोपलो, लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलिया जिंकली, आणि माझ्या दप्तरात पाऊस शिरला. तुला वाटत राहिलं असेल की वर्ल्डकपचं तिकीट मला एकट्याला हवं होतं. तसं नव्हतं. खरवडलं असतं आणि आत काहीच नसतं तर तू खांदे उडवून खेळायला गेला असतास. माझ्याच्याने ते झालं नसतं. आणि तू माझ्याकडे बघून हसला असतास, तेही नको होतं. आता हा सगळा तुला वेडेपणा वाटेल. मलाही वाटतो, पण सकाळी. रात्री नाही वाटत.

आता कोऱ्या कूपनची जी काय किंमत होती ती गेली. त्याचं दुःख आहे, नाही म्हणत नाही. पण त्याहून, तुझ्या अडतीस धावांवर मी इतकी वर्षं पाय देऊन बसलो होतो ते टोचतंय.

वहिनींची बदली झाली का? गच्चीचं गळणं थांबलं? ओंकारच्या दहावीचं कळव. अण्णा गेल्याचं उशिरा समजलं, त्यावर पत्रात लिहिता येत नाही, आलास की बोलू.

हां, एक राहिलं. चिऊने अर्धंच खरवडलंय, मग तिला कंटाळा आला. उघडलेल्या भागात कुठल्याशा अक्षराचा पाय दिसतो, त्यावरून काही कळत नाही. उरलेल्याला मी हात लावलेला नाही. दिवाळीच्या आत ये. येताना तुझ्याकडचं ते चार आण्याचं नाणं आण. २०११ मध्ये चलनातून गेलं असलं तरी खरवडायला चालेल.

तुझाच,
बंड्या