गोफाची आठवी दोरी

पुणे ३०

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बाई गेल्याचे तुला फोनवर कळवले तेव्हा माझ्याने पुढे बोलवले नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे. वैकुंठ स्मशानभूमीत आपल्या शाळेचे पन्नासएक जण आले होते. जो भेटला त्याने गणिताच्या तासाचा विषय काढला आणि बोलता बोलता गोफावर आला, किंवा गोफापासून सुरुवात करून फळ्यावरच्या एखाद्या उदाहरणापाशी येऊन थांबला. बाईंचे गणित आणि बाईंचा गोफ कोणालाच वेगवेगळे सांगता येत नव्हते, आणि माझ्या मते ते वेगळे नव्हतेच.

तुला १९७९ चे स्नेहसंमेलन आठवत असेल. सातवीतल्या आपणा मुलांना गोफ म्हणजे मंगळागौरीतला बायकांचा खेळ वाटायचा आणि आपल्याला लेझीम हवी होती. बाईंनी वाद घातला नाही. सभागृहाच्या तुळईच्या कडीला त्यांनी आठ रंगांच्या आठ सुती दोऱ्या बांधल्या, पदर खोचला, एक दोरी स्वतः धरली आणि आपल्याला उभे केले. डाव्या हातात दोरी, उजव्या हातात टिपरी. चौघांनी उजवीकडून फिरायचे, चौघांनी डावीकडून. समोरून येणाऱ्या पहिल्याला बाहेरून ओलांडायचे, दुसऱ्याला आतून, तिसऱ्याला पुन्हा बाहेरून, आणि प्रत्येक भेटीला टिपरीवर टिपरी. पाय जमिनीवर चालत होते आणि वर कडीपासून वेणी खाली उतरत होती, हे मान वर करून पाहिले तेव्हा आपण लेझीम विसरलो.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी गोफ बिघडला तो माझ्यामुळे. माझी दोरी पिवळी होती आणि तुझी लाल. तुला आतून ओलांडायच्या वेळी मी बाहेरून गेलो, त्यामुळे तुला नाइलाजाने आत शिरावे लागले, आणि पुढच्या पाच भेटी होईपर्यंत कोणाच्या काही लक्षात आले नाही. बाईंनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवले. कोण चुकले असे त्यांनी विचारलेच नाही. त्या वेणीजवळ आल्या, चष्मा वर सरकवून बोटाने खालून एकेक वेढा मोजत गेल्या आणि सहाव्या वेढ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे पिवळी सलग तीनदा वरून गेली आहे आणि लाल सलग तीनदा खालून." आपले पाय कुठे चुकले ते त्यांनी वेणीवर वाचले. आपल्याला वाटले, आता दोऱ्या सोडून पहिल्यापासून सुरुवात. पण बाईंनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि सहा भेटी उलट चालवले. शेवटची भेट आधी सुटली, मग तिच्या आधीची. चुकीच्या जागी मी घाईने आतून जाऊ लागलो तेव्हा त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, "चुकलास तसाच बाहेरून परत ये, नाहीतर आणखी एक गाठ पडेल."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी ३क्ष + ५ = २० लिहिले आणि विचारले, "क्ष इथपर्यंत कसा चालत आला?" आधी तिप्पट झाला, मग त्यात पाच मिळवले. "मग परत नेताना आधी काय सोडवाल?" सगळा वर्ग एका आवाजात "पाच!" म्हणाला. मला समीकरण त्या क्षणी कळले, आणि ते कायमचे. माझ्या मुलीला शिकवताना मी बाजू बदलली की चिन्ह बदलते हा पाठांतराचा नियम सांगत बसलो होतो आणि ती रडकुंडीला आली होती. शेवटी झोपाळ्याच्या कडीला चार नाड्या बांधल्या. तो पाठांतराचा नियम मुलांचे नुकसान करतो असे मला आजही मनापासून वाटते.

ऑफ तासाला त्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांविषयी सांगायच्या. फर्ग्युसनमध्ये शिकलेला माणूस देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवतो आणि ६१७४ ही संख्या जगापुढे ठेवतो, याचा त्यांना फार अभिमान होता. तू सांगितलेली ३५२४ मला अजून पाठ आहे. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा केला, ३०८७ आले. मग ८३५२, मग ६१७४, आणि त्यानंतर दर वेळी ६१७४ च. शेवटच्या बाकावरच्या मुलाची संख्यासुद्धा तिथेच पोचली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, जो गोफ पूर्ण उलगडून आठही दोऱ्या मोकळ्या झाल्यावर दिसायचा.

एक गोष्ट मला त्यांच्या भाचीकडून आत्ता कळली. बाईंकडे आधीच्या दोऱ्या होत्या, त्यांच्या आईने स्वतः वळलेल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या सामानाबरोबर त्याही गेल्या. पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत राहायला गेल्यावर बाईंनी पहिल्या पगारातून सूत आणून, घरीच रंगवून ज्या आठ दोऱ्या वळल्या, त्याच आपण हातात धरल्या होत्या. अठरा वर्षांत त्या कितीदा गुंफल्या आणि कितीदा सोडवल्या असतील! बाईंनी हे वर्गात कधी सांगितले नाही.

भाचीने ती पत्र्याची पेटी माझ्याकडे दिली आहे. दोऱ्या विटल्या आहेत, पण मजबूत आहेत. लाल दोरीच्या टोकाला तू दाताने चावून सोडलेला गोंडा तसाच आहे. शाळेने तेराव्यानंतरच्या रविवारी सभागृह द्यायचे कबूल केले आहे, तुळईची कडी मी स्वतः चढून पाहून आलो आहे आणि मला धरून सात जण जमले आहेत. सातांत गोफ होत नाही, हे तुला सांगायला नको. शनिवारी रात्रीपर्यंत ये. झोपायला माझ्याकडेच आहेस.

तुझा मित्र