तपासणीचे पैसे घेतले, तपासणी झालीच नाही : रॅमबाबत तक्रार

दिनांक : ७ जुलै २०२५
खारेगाव, कळवा, जि. ठाणे

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
संगणक विक्री व दुरुस्ती, ठाणे (पश्चिम) शाखा

विषय : १४ जून २०२५ रोजी बसवून घेतलेल्या ४ जीबी रॅमचे व तपासणी शुल्काचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी खारेगावला राहते आणि आमच्या भागातल्या नऊ गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब घरून लिहिते. मेंटेनन्सची बिले, पावत्या, थकबाकीच्या याद्या, ताळेबंद, सगळे एकाच संगणकावर चालते. हा संगणक मी २०१३ साली असेंबल करून घेतला होता. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ४ जीबीची एक रॅम, म्हणजे काम चालू असताना संगणक वापरतो ती तात्पुरती मेमरी. बारा वर्षे त्याने मला कधी अडवले नाही. या उन्हाळ्यात मात्र तो फार मंदावला. सकाळी बटण दाबायचे, कुकर लावायचा, भाजी चिरायची, तेव्हा कुठे डेस्कटॉप समोर यायचा. एखादे लेजर उघडून शेजारी बँकेचे पान उघडले की माऊस जागच्या जागी अडकायचा.

माझ्यासाठी हे दिवस महत्त्वाचे असतात. जुलैत ऑडिटर यायला लागतात आणि ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. म्हणून १४ जूनला, शनिवारी, भर पावसात सीपीयू प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी रिक्षाने कळवा पूल ओलांडला आणि आपल्या दुकानात आले.

काउंटरवरच्या मुलाला मी सगळे नीट सांगितले. काय काम करते, कधीपासून मंद झाला, काय केल्यावर अडकतो. त्याने एकच प्रश्न विचारला, "रॅम किती आहे?" मी चार म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आजकाल चारमध्ये काही होत नाही. डबल करा, पळेल." मी मुद्दाम विचारले, "हार्ड डिस्कचा प्रश्न नसेल ना?" त्यावर "नाही, रॅमच आहे" असे ठाम उत्तर मिळाले. तोवर संगणक वीजजोडणीलासुद्धा लावलेला नव्हता.

रॅम बसवण्याचे काम त्याने व्यवस्थित केले, हे मी मुद्दाम नमूद करते. ब्लोअरने आतली धूळ काढली, रिकाम्या स्लॉटमध्ये रॅम हलक्या हाताने बसवली. मग मॉनिटर जोडून सुरू होतानाच्या काळ्या पडद्यावर ८१९२ एमबी (म्हणजे ८ जीबी) हा आकडा मला दाखवला आणि लगेच बंद केला. विंडोज त्याने उघडलीच नाही. बिल असे झाले : ४ जीबी डीडीआर-३ १६०० रॅम १,४५० रुपये, बसवणावळ ३०० रुपये, तपासणी शुल्क ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये, एकूण २,४७८ रुपये. मी ते रोख भरले.

घरी आल्यावर कुकरच्या शिट्ट्या तेवढ्याच झाल्या. मला वाटले, दोन दिवस जाऊ द्यावेत. सोमवारी रात्री 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे रॅमपुढे ८.०० जीबी लिहिले होते आणि कंसात वापरण्याजोगी ३.४१ जीबी. मे महिन्यात दोन-चार दुकानांत फोनवर चौकशी करताना मी हेच पान उघडून वहीत उतरवून घेतले होते. वहीत आहे : ४.०० जीबी, वापरण्याजोगी ३.४१ जीबी. म्हणजे पैसे भरण्याआधी ३.४१ आणि भरल्यानंतरही ३.४१. विकत घेतलेल्या रॅमचा एक बाइटसुद्धा माझ्या कामाला आलेला नाही.

कारण त्याच पानावर आणखी खाली लिहिलेले आहे : सिस्टिम ३२-बिट, प्रोसेसर ६४-बिटचा. २०१३ साली माझ्या संगणकात ३२-बिट विंडोज ७ टाकलेली होती. २०१६ मध्ये मोफत विंडोज १० घेतली, तेव्हा तीही ३२-बिटच आली, कारण त्या अपग्रेडमध्ये ३२ चे ६४ होत नाही. आणि ३२-बिट विंडोजला मेमरीत ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते मोजता येतात. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि मदरबोर्डवरच्या इतर भागांसाठी राखलेले असतात. उरतात ते माझे ३.४१. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये चाळीस सदनिकांचीच पाने असतील, तर मागे दुसरी विंग उभी राहिली तरी तिची नोंद करायला जागा नसते. इथे अगदी तसेच झाले आहे.

मी हिशेब लिहिणारी बाई आहे, हार्डवेअरवाली नाही. मला हे समजून घ्यायला दोन संध्याकाळी लागल्या. आपल्या माणसाला मात्र ते एका मिनिटात दिसले असते. रॅम विकण्याआधी तेवढे एक पान उघडून बघायचे होते. ३५० रुपये तपासणी शुल्क कशाचे घेतले, हा माझा पहिला प्रश्न आहे आणि तीन फेऱ्या मारूनही त्याचे उत्तर मला मिळालेले नाही.

यानंतरची गोष्ट अधिक गंभीर आहे. माझा भाचा हे काम जाणतो. रविवारी २२ जूनला त्याने कॅबिनेट उघडून दोन्ही रॅमवरच्या लेबलांचे फोटो काढले. माझ्या जुन्या रॅमवर पीसी-३ १२८०० छापलेले आहे, म्हणजे ती १६०० वेगाची आहे. आपण बसवलेल्या रॅमवर पीसी-३ १०६०० आहे, म्हणजे १३३३ ची. बिलावर आपण १६०० लिहिले आहे. दोन वेगांच्या रॅम एकत्र बसवल्या की दोन्ही कमी वेगाने चालतात. त्यामुळे माझी चांगली रॅमही आता १३३३ वरच चालते आहे आणि टास्क मॅनेजरमध्ये (संगणकाचा कोणता भाग किती राबतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी) मेमरीच्या पानावर तोच आकडा दिसतो. ही चूक नजरचुकीने झाली असेल, असे मी अजूनही मानायला तयार आहे. पण बिलावर एक माल आणि स्लॉटमध्ये दुसरा, हे मी सोडून देऊ शकत नाही.

त्याच दिवशी भाच्याने टास्क मॅनेजर उघडून संगणक सुरू झाल्यापासून काय होते ते मला दाखवले. मेमरी साठ टक्क्यांच्या आसपास होती आणि डिस्क मात्र कितीतरी मिनिटे शंभर टक्के. अडचण डिस्कचीच होती. बारा वर्षे फिरलेली तबकडी आता धापा टाकते आहे. काउंटरवर मी नेमके हेच विचारले होते. माझा सगळा डेटा नव्वद जीबीच्या आत बसतो. रॅमवर गेलेल्या रकमेच्या जवळपासच २५६ जीबीची साधी साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) येते, ती माझ्या जुन्या मदरबोर्डलाही चालली असती आणि आज माझे काम सुरळीत झाले असते. ग्राहकाने नेमका प्रश्न विचारलेला असताना, न बघता "नाही" म्हणणे मला सर्वांत जास्त लागले आहे.

१७ जून, २१ जून आणि २८ जून अशा तीन वेळा मी दुकानात आले. पहिल्यांदा सांगण्यात आले की रॅम लागली आहे, बूट होताना ८ जीबी दिसते, आमचे काम संपले, विंडोज तुमची. दुसऱ्यांदा सांगितले की ६४-बिट करायची तर नवीन विंडोज विकत घ्यावी लागेल, टाकण्याचे १,८०० रुपये वेगळे आणि डेटाची जबाबदारी आमची नाही. यातली विंडोज विकत घेण्याची गोष्ट खरी नाही. माझी विंडोज १० अस्सल आणि ॲक्टिव्हेट झालेली आहे. त्याच संगणकावर तीच आवृत्ती ६४-बिटमध्ये टाकली तर परवाना तोच चालतो. फक्त सगळे पुसून नव्याने टाकावी लागते, म्हणून आधी बॅकअप घ्यावा लागतो. हे माहीत असते तर त्या मुलाने मला खर्चात पाडले नसते, आणि माहीत असूनही सांगितले नसेल तर ते आणखी वाईट आहे.

तिसऱ्यांदा मी लेबलांचे फोटो घेऊन आले. ते कोणी पाहिलेच नाहीत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मदत (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होते, या मशीनवर विंडोज ११ चालणार नाही, तेव्हा नवीनच घ्या, असे म्हणून माझ्या हातात किमतींचा कागद दिला. ऑक्टोबरची तारीख मलाही ठाऊक आहे आणि त्याची तजवीज मी माझ्या सोयीने करीन. पण ती तारीख १४ जूनलाही सर्वांना माहीत होती. तेव्हा "रॅम टाका, पळेल" असे सांगून पैसे घेतले आणि दोन आठवड्यांनी मशीनच जुनी झाली, हे मला पटत नाही.

बिलाच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर त्यासाठी मुदत दिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जाचा माल नसणे हाही याच कायद्यात दोष मानला आहे. तीस दिवस अजून पूर्ण झालेले नाहीत आणि माझी पहिली तक्रार तर तिसऱ्याच दिवशीची आहे.

माझी मागणी एवढीच आहे. रॅम परत घ्यावी आणि पूर्ण २,४७८ रुपये परत करावेत. बदलून दुसरी रॅम मला नको, कारण सध्याच्या विंडोजवर तिचाही उपयोग होणार नाही. रॅम काढण्यासाठी मी पुन्हा सीपीयू उचलून आणणार नाही. आपला माणूस घरी पाठवावा किंवा भाचा काढून देईल ती दुकानात स्वीकारावी. आणि एक विनंती आहे : ही रक्कम काउंटरवरच्या त्या मुलाच्या पगारातून कापू नये. त्याला विक्रीआधी मशीन सुरू करून बघायला कोणी शिकवले नाही, ती जबाबदारी शाखेची आहे. तपासणी शुल्क घेतले की काय तपासले आणि काय आढळले ते जॉबशीटवर लिहून ग्राहकाची सही घ्यावी, एवढा नियम आपण केलात तर माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाची पावसातली फेरी वाचेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि तिथेही मार्ग निघाला नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

दुपारी दोन ते पाच मी घरी असते. सोमवारी व गुरुवारी सोसायट्यांच्या कार्यालयांत जाते, ते दोन दिवस सोडून माणूस पाठवावा. नाव, पत्ता आणि फोन बिलाच्या प्रतीवर आहे.

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही रॅमच्या लेबलांचे फोटो, मे आणि जून महिन्यांतल्या नोंदी असलेल्या वहीच्या पानांच्या प्रती.

आपली,
एक ग्राहक
(सही)