शिक्षा कठोर हवी, पण कुणाला?

प्रिय मुक्ता,

‘आई, तू त्या लोकांची बाजू घेतेस?’ असं तू रागाने विचारलंस. फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलूच देत नव्हतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी त्यांची बाजू घेत नाही. ज्याने एखाद्या मुलीवर अत्याचार केला, कुणाचा जीव घेतला, त्याने आयुष्यातली कैक वर्षं तुरुंगात काढलीच पाहिजेत, आणि काही जणांनी तर मरेपर्यंत. यात मला तिळमात्र शंका नाही. मुलीवरच्या अत्याचाराची ती बातमी वाचून तुला झोप लागली नाही, हे मी समजू शकते. असलं काही वाचूनही ज्यांचं रक्त तापत नाही, त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

पण तू म्हणालीस, ‘पकडलाय ना, मग खटला कशाला लांबवायचा? महिन्याभरात फासावर चढवा.’ तिथे मी अडले. पकडलेला माणूस तोच आहे, हे तू धरूनच चालली होतीस. तूच कशाला, आपण सगळेच तसं धरतो. बुरखा घातलेला आरोपी पोलिसांच्या गाडीत चढताना टीव्हीवर दिसतो आणि आपल्या मनातला खटला तिथेच निकाली निघतो.

मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट सांगते. गुन्हा जितका भयंकर, तितकी भलताच माणूस अडकण्याची भीती जास्त. साध्या चोरीचा छडा लागला नाही तर कुणी मोर्चा काढत नाही. पण एखाद्या लहान मुलीचा खून झाला की लोक रस्त्यावर येतात, वरून फोन सुरू होतात, ‘आरोपी कधी पकडणार’ म्हणून रोज मथळे येतात. अशा वेळी तपास करणाऱ्यांना खरा गुन्हेगार हवा असतोच, पण त्याआधी कुणीतरी एक माणूस हवा असतो. म्हणजे जिथे आपण सगळ्यात कडक शिक्षा ठेवली आहे, नेमकं तिथेच घाई सगळ्यात जास्त.

तू म्हणशील, जिच्यावर अत्याचार झाला तिनेच ओळखलं तर शंका कसली? १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीवर तिच्या राहत्या घरात बलात्कार झाला. मुलगी इतकी धीराची, की त्या अवस्थेतही तिने त्याचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला. जगले वाचले तर याला ओळखता आलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. पोलिसांनी फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटनचा फोटो निवडला. मग ओळख परेड झाली, तिथेही तिने कॉटनकडेच बोट दाखवलं. फोटोंत होता आणि परेडमध्येही होता, असा माणूस तो एकटाच होता. फोटोतला तो हाच, असं तिला नंतर सांगण्यातही आलं. तेव्हापासून तिच्या आठवणीतल्या हल्लेखोराला कॉटनचाच चेहरा चिकटला. काही वर्षांनी पुन्हा खटला चालला तेव्हा बॉबी पूल नावाच्या कैद्याला तिच्यासमोर उभं केलं गेलं, कारण हा गुन्हा आपणच केल्याचं तो तुरुंगात बोलत होता, असं कॉटनच्या कानावर आलं होतं. तिने पूलला ओळखलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि गुन्हा पूलचाच निघाला. कॉटनची दहा वर्षं गेली होती.

ती खोटं बोलली नव्हती. हे ठासून सांगते, कारण अशी उदाहरणं पुढे करून बायकांच्या तक्रारींवर संशय घेणारे पुष्कळ आहेत आणि मला त्यांच्या पंगतीला बसायचं नाही. अत्याचार झाला हे तिचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं होतं. चूक होती ती ओळख पटवून घेण्याच्या पद्धतीत. पुढे अनेक ठिकाणी नियम बदलले. आरोपी कोण हे ज्याला ठाऊकच नाही अशा अधिकाऱ्याने ओळख परेड घ्यायची, म्हणजे त्याच्या नकळतसुद्धा साक्षीदाराला इशारा जाणार नाही. ती आणि कॉटन, दोघंही पुढे जोडीने या सुधारणांसाठी बोलत राहिले.

‘पण त्याने कबूल केलंय!’ हे तुझं दुसरं म्हणणं. त्यासाठी जपानच्या इवाओ हाकामादाची हकिकत ऐक. पूर्वी बॉक्सर असलेला हा माणूस एका मिसोच्या कारखान्यात कामाला होता. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा. १९६६ मध्ये त्या कंपनीच्या एका संचालकाचा, त्याच्या बायकोचा आणि दोन मुलांचा खून झाला. हाकामादाला अटक झाली, जवळजवळ तीन आठवडे रोज तासन्‌तास चौकशी चालली आणि अखेर त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयात त्याने जबाब फिरवला. खुनानंतर वर्षभराहून अधिक काळाने, खटला चालू असताना, कारखान्यातल्या मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग असलेले कपडे सापडले. १९६८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात त्या कपड्यांतली पँट त्याला घालायला लावली, तर ती अंगात जाईना, तरीही शिक्षा कायम राहिली. वर्षभर मिसोत मुरलेल्या कापडावरचं रक्त लालसर कसं राहिलं? इतका साधा प्रश्न, पण त्याचा निकाल लागायला अर्धं शतक गेलं. २०१४ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला आणि २०२४ मध्ये निर्दोष सुटला. पुरावा तपास यंत्रणेनेच बनवलेला होता, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. जपानमध्ये फाशी आज आहे, हे कैद्याला त्या दिवशी सकाळीच सांगतात. त्यामुळे प्रत्येक सकाळ शेवटची असेल या धास्तीत त्याने वर्षानुवर्षं काढली, आणि त्याचं मन त्यात खचून गेलं. बहिणीने मात्र शेवटपर्यंत हार मानली नाही.

या खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी नोरिमिची कुमामोतो यांना हाकामादा निर्दोष वाटत होता. बाकी दोघांचं मत विरुद्ध पडलं, आणि निकालपत्र लिहिण्याचं काम नेमकं कुमामोतो यांच्याकडे आलं. स्वतःला न पटलेली फाशी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. पुढे त्यांनी न्यायाधीशपद सोडलं आणि २००७ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. त्या लिहिणाऱ्या हाताचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, तुला आठवत असेल. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम आला तो गुन्हेगारांना पळवाट म्हणून नव्हे. बंद खोलीत माणसाकडून काय काय वदवून घेता येतं, हे तेव्हाही माहीत होतं.

आणि हे सगळं दूर कुठे परदेशात होतं, असंही समजू नकोस. महाराष्ट्रात २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. भटक्या समाजातल्या सहा गरीब माणसांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं. उच्च न्यायालयाने ज्या तिघांना जन्मठेपेवर आणलं होतं, त्यांनाही पुन्हा फाशीच दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वाचलेल्या स्त्रीने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा पुढे तपासच झाला नव्हता. मग ते पाच खून कुणी केले? त्या बाईला न्याय मिळाला असं तू म्हणशील का?

‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये’ हे वाक्य तुला संतापजनक वाटतं. ते सुटलेले शंभर उद्या कुणाला गाठतील, असं तू विचारलंस. तुझ्या सगळ्या मुद्द्यांत हा सर्वांत भक्कम आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने अठराव्या शतकात ते वाक्य लिहिलं तेव्हा आकडा दहाच होता, पण दहा काय नि शंभर काय, सुटलेला प्रत्येक खुनी कुणाच्या तरी जिवावर उठू शकतो, हे खरंच आहे. फक्त एक गोष्ट तुझ्या हिशेबातून निसटते. निरपराध माणसाला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार त्याच क्षणी सुटलेला असतो, आणि त्याला शोधणंही थांबलेलं असतं. लंडनमध्ये १९५० साली टिमथी इव्हान्सला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी दिलं. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी. तीन वर्षांनी त्या घरात बायकांची प्रेतं सापडली. इव्हान्सला फासावर चढवल्यानंतर क्रिस्टीने आणखी चार बायकांचे जीव घेतले होते, त्यातली एक त्याचीच पत्नी. इव्हान्सला १९६६ मध्ये माफी मिळाली, ती मरणोत्तर.

गुन्हेगार सुटतात, पण त्यातले कितीसे संशयाच्या फायद्याच्या नियमामुळे सुटतात? नमुने वेळेत घेतले जात नाहीत, घेतलेले प्रयोगशाळेत पडून राहतात, साक्षीदाराला धमकावलं जातं आणि तो उलटतो, पंच म्हणून ज्यांच्या सह्या असतात ते आपण तिथे नव्हतोच म्हणतात. इथे घाई कर म्हण, मी तुझ्याबरोबर घोषणा द्यायला येईन. जबाब त्याच दिवशी नोंदवा, नमुने त्याच दिवशी पाठवा, साक्षीदाराला संरक्षण द्या, सुनावणी रोज घ्या. पण आरोपीच्या वकिलाला कागद वाचायला लागणारा वेळ कापू नका, आणि वकील चांगला द्या. शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा ती नक्की होणार या खात्रीचा धाक मोठा असतो, हे इटलीच्या बेकारिया या विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलंय. फाशीची घोषणा करायला पैसा लागत नाही, तपास सुधारायला लागतो. म्हणून पुढारी पहिलं करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

फाशी मात्र मला नको. ‘तुरुंगातली दहा वर्षं तरी कुठे परत येतात?’ असं तू विचारशील. नाही येत. पण कॉटनला बाहेर येऊन बोलता तरी आलं, हाकामादाच्या बहिणीला निकाल कानांनी ऐकता आला. इव्हान्सच्या माफीचा कागद घ्यायला इव्हान्स नव्हता.

‘माझ्या बाबतीत हे झालं असतं तर?’ हे तू अगदी शेवटी विचारलंस आणि फोन ठेवलास. झालं असतं तर पोलिसांनी आणून उभ्या केलेल्या पहिल्या माणसाचा गळा दाबायला मी धावले असते. हाच तो आहे का, हे विचारण्याचं त्राण माझ्यात उरलं नसतं. मला फसवणं तेव्हा सगळ्यात सोपं असतं, आणि तुला छळणारा माणूस बाहेर हिंडत राहिला असता. माझ्या वतीने ते कुणीतरी विचारावं, पुन्हा पुन्हा विचारावं, मी ओरडत असले तरी विचारावं, असं मला आत्ता, शुद्धीवर असताना वाटतं.

एका प्रश्नावर मी अजून अडखळते. भर रस्त्यात, शेकडो लोकांदेखत जो खून करतो, ज्याच्या ओळखीबद्दल शंकेला जागाच नाही, त्याचं काय? माझं उत्तर असं, की ‘इथे शंकाच नाही’ असं २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या त्या सहा जणांबद्दलही वाटलंच होतं, आणि खात्रीच्या खटल्यांसाठी वेगळा कायदा केला तर पुढचा प्रत्येक खटला खात्रीचाच ठरवला जाईल. हे उत्तर तुला पुरेल असं मला वाटत नाही. तुझं म्हणणं लिहून पाठव, फोनवर नको.

तुझी,
आई