श्रीरामपूरच्या माशीमांना

तीर्थस्वरूप माशीमा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पुण्यात येऊन घर लागलं. आईची देवांची जागा ठरली, गॅस मिळाला, आणि लगेच आईचा धोशा सुरू झाला, "आधी बाईंना पत्र लिही." मी तुम्हाला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते आणि आई बाई म्हणते. फोनवर मी तुम्हाला हे सगळं बांगलात सांगेनच. पण हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही आम्हा मायलेकींसाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून घालत नाही.

आमच्याकडे श्रीरामपूर म्हटलं की लोकांना अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव आठवतं, ऊस आणि साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. तुमचं श्रीरामपूर हुगळीच्या पश्चिम काठावरचं. हावड्याहून ब्यांडेल लोकल धरली की लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, हिंदमोटर, कोन्नगर, रिषडा आणि मग श्रीरामपूर. याच मार्गावर 15 ऑगस्ट 1854 रोजी हावडा ते हुगळी अशी पूर्व भारतातली पहिली प्रवासी गाडी धावली, तीही श्रीरामपूरला थांबली होती. 1755 पासून 1845 पर्यंत इथे डेन्मार्कचा अंमल होता. नदीकाठचं त्यांचं सेंट ओलाव्ह चर्च आता नीट दुरुस्त करून उभं आहे. पलीकडे बराकपूर दिसतं, होडीनं जाता येतं. कोलकात्यातली मंडळी या गावांना मफस्सल, म्हणजे शहराबाहेरचा भाग, म्हणतात आणि पुढे बोलायचं थांबतात. मला ते कधी पटलं नाही. नोकरी कोलकात्यात होती हे खरं, पण मी राहिले श्रीरामपुरात. ऑफिस सुटल्यावर फेअरली घाटावरून लाँचनं हावडा, तिथून लोकलच्या लेडीज डब्यात झालमुडी, म्हणजे तिकडची भेळ, खात घरी. हे सगळं मला मनापासून आवडत होतं.

माझं ठीक होतं, मला दिवसभर माणसं होती. काळजी होती ती आईची. सांगलीहून ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला मराठीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मी सकाळी आठला बाहेर पडायची, रात्री आठला परत. दाराला आतून कडी लावून ती हरिपाठ म्हणत बसायची. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत होतात. भाडं घ्यायचं आणि आपलं बघायचं, एवढ्यावर तुम्हाला राहता आलं असतं. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी खाली आलात ते हातात केळफूल आणि बोंटी घेऊन.

आई ही गोष्ट अजून प्रत्येकाला सांगते. बोंटी म्हणजे पुढे खवणी नसलेली आपली विळीच. ती बघितल्यावर आई काही न बोलता तुमच्यासमोर पाट घेऊन बसली. तुम्ही हाताला तेल लावलंत, तिच्याही हाताला लावलंत. केळफुलाच्या प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा तुम्ही काढून दाखवायचा आणि आईनं मान डोलवायची, कारण आमच्याकडेही ते तसंच करतात. दुपारपर्यंत तुमचा मोचार घंटो झाला होता आणि शेजारच्या शेगडीवर आईची केळफुलाची भाजी.

आई माळकरी. बंगालात जायचं म्हणजे घरोघरी मासे, आपण जेवायचं काय, असं तिला नातेवाइकांनी सांगून घाबरवलं होतं. तुमचं स्वयंपाकघर तिला आधी कुणी दाखवायला हवं होतं. मेसोमशाय, म्हणजे तुमचे यजमान, गेल्यापासून तुम्ही निरामिष जेवता, कांदा-लसूणही नाही. त्या एका शेगडीवर जे पदार्थ होत, त्यांची नावंही मी तोवर ऐकली नव्हती. जेवणाच्या सुरुवातीला कारल्याचं शुक्तो, खसखशीचं वाटण लावलेलं पोस्तो, डाळ वाटून, थापून, वड्या पाडून रश्श्यात सोडलेली धोका. ही धोका खाऊन आई म्हणाली, "अगं, ही तर आपली पाटवडीची आमटी." विधवांनी काय खायचं नाही याचे नियम ज्या समाजानं केले, त्याच समाजातल्या बायकांनी त्या नियमांच्या आत राहून इतका मोठा स्वयंपाक उभा केला. माझ्या मनात त्याबद्दल आदरही आहे आणि रागही. तुमच्याशी मी हे बोलले होते, तुम्ही फक्त माझ्या ताटात आणखी भात वाढला होता.

मग आषाढ आला. वारी चुकली म्हणून आई जेवेना. हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, तुम्हीच ओळखलंत. तिला रिक्षात घालून माहेशला घेऊन गेलात. माहेशचा जगन्नाथाचा रथ पुरीच्या खालोखाल जुना, 1396 पासूनचा मानतात. आताचा लोखंडी रथ 1885 चा, पन्नास फुटांच्या आसपास उंच. जी. टी. रोडवर तो माणसांच्या गर्दीतून मासीर बाडीकडे, म्हणजे देवाच्या मावशीच्या घराकडे, निघाला तेव्हा तुम्ही तुमचा दुखरा गुडघा सांभाळत आईला पुढे काढलंत आणि दोराला तिचा हात लावलात. एका म्हाताऱ्या बाबांनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि हात जोडून तिला वाट करून दिली. त्यांच्याही गळ्यात तशीच माळ होती. त्या रात्री आई पोटभर जेवली. पुढे उलटा रथ, म्हणजे रथाचा परतीचा प्रवास, आणि आषाढी एकादशी जवळजवळ लागूनच आल्या. तुमच्या गच्चीवर तिनं अभंग म्हटले आणि तुम्ही कीर्तनाची पदं म्हटलीत. खाली गल्लीत माणसं थांबून ऐकत होती.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते.

आईला डेंग्यू झाला त्या दिवशी सकाळी तिला नुसती कणकण होती. दुपारी ताप चढला तेव्हा मी कोलकात्यात. पावसानं रुळांवर पाणी आलेलं, लोकल बंद, हावड्याला फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. फोन तुमचा आला. "तू घाबरू नकोस, आम्ही निघालो आहोत," एवढंच म्हणालात. गुडघाभर पाण्यातून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळवलीत, शेजारच्या मुलाला बरोबर घेतलंत, आईला नर्सिंग होममध्ये भरती केलंत, पैसे भरलेत. मी मध्यरात्रीनंतर पोचले. आईला सलाईन लावलेलं, ती झोपलेली, आणि तुम्ही ओल्या साडीत लाकडी स्टुलावर बसून तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होतात. नर्स मला म्हणाली, तुमच्या मावशी संध्याकाळपासून उठलेल्या नाहीत. प्लेटलेट्स सावरेपर्यंत रोज सकाळी तुम्ही यायच्या, संध्याकाळी मी. बिलाचे पैसे देताना तुम्ही रागावलात. ते तेव्हा घेतलेत, पण आईच्या नावानं एक साडी आणून आमच्या कपाटात ठेवलीत, ती आवराआवरीत सापडली. माशीमा, त्या रात्री मी तुम्हाला काहीच बोलू शकले नव्हते. आज बोलते. माझी आई आज आहे ती तुमच्यामुळे.

आणखी एक आभार बाकी आहेत, तुमच्यातल्या शिक्षिकेचे. बरं वाटल्यावर तुम्ही आईला श्रीरामपूर कॉलेजला नेलंत. 1818 मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज आईसाठी नुसती मोठ्या खांबांची इमारत होती. तिथे सावलीला बसवून तुम्ही तिला सांगितलंत, की विल्यम केरी हे इंग्रज मिशनरी आणि त्यांच्या सोबत्यांचा छापखाना याच गावात होता. इथेच 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं गेलं आणि 1810 मध्ये मराठीचा कोश, त्यातली मराठी मोडीत. अगदी सुरुवातीच्या मराठी छपाईचं हे काम. केरींना मराठी पंडित वैजनाथ शर्मांची मदत होती. देवनागरीचे साचे कोरायला घेतले ते पंचानन कर्मकार या बंगाली लोहारानं, आणि पुढे ते काम त्यांचे जावई मनोहर यांनी नेलं. मराठीची पदवी घेतलेल्या मला यातलं निम्मंही कुणी शिकवलं नव्हतं. आई घरी आली आणि ज्ञानेश्वरीची पोथी उघडून कितीतरी वेळ नुसती अक्षरं बघत बसली.

तुमच्या गल्लीतली जुनी घरं एकेक करून प्रोमोटरकडे, म्हणजे बिल्डरकडे, चालली आहेत, तुमच्याकडेही माणसं येऊन जातात. तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल. आमची खोली मात्र आहे तशी एकदा पुन्हा बघायची आहे, एवढं आईचं म्हणणं कळवते.

त्याआधी तुम्ही इकडे या. कार्तिकीला बोलावलं असतं, पण जगद्धात्री पूजेची नवमी आणि कार्तिकी एकादशी यांत अंतर दोन दिवसांचं, आणि रिषड्याची पूजा सोडून तुम्ही यायच्या नाहीत. म्हणून माघी वारी ठरवली आहे. सरस्वती पूजा आटोपली की हावड्याहून आझाद हिंद धरा. खालचा बर्थ मी इथून काढून ठेवते. पुणे स्टेशनवर आम्ही दोघी असू, आणि पंढरपूरला गाडी दारातून दारात नेऊ, तुमच्या गुडघ्याला चालावं लागणार नाही. तारीख फोनवर कळवा.

आपली मुलगी