मीटिंगचा पत्ताही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला व्यसनमुक्तीवरचा लेख वाचला. दारूचं व्यसन हा आजार आहे हे त्यात फार नीट समजावून सांगितलंय. पुण्याच्या मुक्तांगणचा १९८६ पासूनचा प्रवास, अवचट पती-पत्नींचं काम, सगळंच मनाला भिडलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनी त्या लेखाचं कात्रण घेऊन आमच्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, सगळं पटलं. पण ह्यांना न्यायचं कुठं?" लेखाच्या शेवटी 'स्वमदत गटात जावे' एवढंच होतं. (वहिनींना विचारूनच हे लिहितोय.)

मी अकरा वर्षं दारूला शिवलेलो नाही. त्याआधी एसटीच्या डेपोत मेकॅनिक असताना वीसेक वर्षं पीत होतो. त्या वर्षांत घरात काय चालायचं ते लिहीत नाही, ज्यांच्या घरी चालू आहे त्यांना ते ठाऊक आहे. मला सांगायचंय ते ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाची मीटिंग शोधण्याबद्दल.

दवाखान्यात दहा दिवस ठेवून डॉक्टरांनी मला हातांची थरथर, घाम, भास यांतून बाहेर काढलं. हे कुणी घरच्या घरी करू नये. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर फिट येते, माणूस भ्रमिष्टासारखं करतो, प्रसंगी जिवावर बेततं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर शेवटची ओळ होती, 'ए.ए. मीटिंगला नियमित जाणे'. कुठल्या वारी, कुठं, काही नाही. खूप विचारल्यावर कपाटातून एक पिवळं पडलेलं पत्रक मिळालं. त्यावरच्या पत्त्यावर आम्ही दोघं एसटीनं दीड तास प्रवास करून गेलो. शाळेला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते लोक बसायचे इथं पूर्वी. आता कुठं बसतात माहीत नाही." स्टँडवर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही, माझी बाही मात्र तिनं घट्ट धरून ठेवली होती.

दुसरा पत्ता मिळायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा प्यालो.

ती मीटिंगही शाळेच्याच वर्गात होती. तिसरी-चौथीच्या मुलांचे बाक, गुडघे वर घेऊन बसावं लागायचं. फळ्यावर 'पट ३८, हजर ३१' तसंच राहिलेलं. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी, 'फक्त आजचा दिवस'. एक गृहस्थ उठले, नाव सांगून "मी अल्कोहोलिक" म्हणाले आणि क्वार्टर कुठं कुठं लपवायचे ते सांगू लागले. ग्रीसच्या डब्यामागची जागा त्यांनी सांगितली तेव्हा मी मान खाली घातली, कारण माझीही तीच होती. मला कुणी उपदेश केला नाही. पैशांची पिशवी फिरत माझ्यापाशी आली तेव्हा शेजाऱ्यानं हळूच माझा हात मागे सारला, "पहिल्या दिवशी नको." निघताना त्यांनीच आपला नंबर माझ्या एसटीच्या तिकिटामागं लिहून दिला. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून झाली. भारतात हे काम १९५७ पासून आहे. फी नाही, जातपात-धर्म विचारत नाहीत, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा असली की झालं. पण स्वतःचा गाजावाजा करायचा नाही आणि वर्तमानपत्रात सभासदाचं नाव येऊ द्यायचं नाही, ही आमची परंपरा आहे. तिच्यामुळेच मी तगलो. चारचौघांत बदनामी होईल या भीतीनं मी कधीच आत गेलो नसतो. पण त्यामुळंच आमचा पत्ता लोकांपर्यंत पोचत नाही, हेही खरं. तो पोचवणं तुमच्या हातात आहे.

आपल्या 'आज शहरात' या सदरात कीर्तन, व्याख्यान, रक्तदान शिबिर, साड्यांचं प्रदर्शन, सगळं असतं. त्यात एक ओळ द्या: ए.ए. मीटिंग, वार, वेळ, जागा. शाळांच्या परीक्षा आल्या की जागा बदलतात, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी खात्री करून घ्या. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा असाच गट असतो, त्याचीही माहिती द्या. नवरा यायला तयार नसला तरी बायकोला तिथं जाता येतं, हे माझ्या बायकोला आठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आणि सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६, पैसे पडत नाहीत. तो आकडा कोपऱ्यात रोज असू द्या. डॉक्टरमंडळींनाही हात जोडून विनंती आहे, कागदावर ती ओळ लिहिताना पुढं पत्ता लिहा.

वहिनींना मी पत्ता दिला. त्यांचे यजमान मंगळवारी आले होते, शाळेच्या फाटकापर्यंत. तिथून परत गेले. येत्या मंगळवारी मी फाटकापाशीच उभा राहणार आहे.

माझं नाव छापू नये. मला त्याची लाज नाही, पण वर सांगितलेली परंपरा मलाही पाळायची आहे.

आपला,
एक वाचक, जि. सातारा